विश्लेषण : कोलाडमध्ये स्वतःची बिअर बनवणारा छोटा बार शक्य आहे का? परवाने, महामार्ग आणि गणित काय सांगते?

पुण्या-मुंबईत गेल्या दीड दशकात मायक्रोब्रुअरी रुजल्या. कुंडलिकेवरील राफ्टिंगमुळे शनिवार-रविवारी गजबजणाऱ्या रोहा तालुक्यातील कोलाडसारख्या गावात असा प्रयोग करावा, हा विचार अनेकांना मोहात पाडतो. पुढे बिअर शॉपी, आत बार आणि मागे स्वतःची छोटी ब्रुअरी, असे चित्र कागदावर आकर्षक दिसते. प्रत्यक्षात हे तीन वेगवेगळे व्यवसाय आहेत आणि कोलाडमध्ये त्यांच्यासमोरच्या अडचणीही वेगवेगळ्या आहेत.

मायक्रोब्रुअरी म्हणजे नेमके काय?

बिअरचे मूळ घटक चार. जवाचे माल्ट, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. माल्ट भरडून साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवतात. त्यातील पिठूळ अंशाची साखर होते. तो गोड अर्क गाळून, हॉप्स घालून तासभर उकळतात, झटपट थंड करतात आणि यीस्ट मिसळून टाकीत आंबवायला ठेवतात. ‘एल’ प्रकारची बिअर १८ ते २२ अंशांवर आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. ‘लागर’ला त्याहून बरेच कमी तापमान आणि जास्त दिवस लागतात.

मोठ्या कारखान्यांतही हेच होते. रायगड जिल्ह्यात तळोजा येथे युनायटेड ब्रुअरीजचा कारखाना आहे. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज हे तर देशातील बिअरनिर्मितीचे मोठे केंद्र मानले जाते. फरक दोन बाबतींत आहे. कारखान्यातील बाटलीबंद बिअर सहसा पाश्चराइज केलेली असते, त्यामुळे ती महिनोन्महिने टिकते. मायक्रोब्रुअरीची बिअर ताजी असते, थंड ठेवावी लागते आणि काही आठवड्यांत संपवावी लागते. दुसरा फरक प्रमाणाचा. कारखाना एकाच चवीची लाखो लिटर बिअर काढतो, तर मायक्रोब्रुअरी काहीशे लिटरच्या घाण्यांत चव बदलत राहते.

महाराष्ट्रात याची सुरुवात कुठे झाली?

राज्यातील पहिली मायक्रोब्रुअरी ‘डूलॅली’ २००९ मध्ये पुण्यात कोरिंथियन्स हॉटेलच्या आवारात सुरू झाली. हे नाव नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. मायदेशी परतायच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेले ब्रिटिश सैनिक सैरभैर होत, त्यावरून इंग्रजीत ‘डूलॅली’ हा शब्द रूढ झाला. पुढे मुंबईत लोअर परळला २०१३ मध्ये ‘द बार्किंग डिअर’ आले. त्यानंतर पुण्यात ‘इंडिपेंडन्स’ आणि ‘एफिंगट’, मुंबईत ‘व्हाइट आउल’ अशी नावे दिसू लागली. ‘गेटवे ब्रुइंग’ने वेगळी वाट धरली. त्यांनी डोंबिवलीत बिअर बनवली आणि पिंपांतून मुंबईच्या बारना पुरवली.

या यादीत एक गोष्ट समान आहे. हे सारे व्यवसाय अशा शहरांत उभे राहिले, जिथे आठवड्याचे सातही दिवस ग्राहक मिळतो आणि ग्राहक रिक्षा वा टॅक्सीने घरी जाऊ शकतो. कोलाडमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीत.

बिअर शॉपी, बार आणि ब्रुअरी एका परवान्यात का बसत नाहीत?

महाराष्ट्रात मद्यव्यवसाय ज्या कायद्याखाली चालतो त्याचे नावच दारूबंदी अधिनियम, १९४९ असे आहे. या कायद्याचा पायाच बंदी आहे आणि परवाना ही त्यातून दिलेली सवलत. त्यामुळे ‘जे मना केलेले नाही ते चालते’ हा इतर व्यवसायांचा नियम इथे उलटा लागतो. जे परवान्यात लिहिले आहे तेवढेच चालते. ग्राहकानेही मद्यसेवनाचा परवाना बाळगावा, अशी तरतूद आजही कायम आहे.

बिअर शॉपीचा परवाना ‘एफएल/बीआर-२’ या नावाने ओळखला जातो. त्यावर बिअर आणि वाइन सीलबंद विकता येते. दुकानात बसून पिता येत नाही आणि विक्री छापील किमतीने करावी लागते. परमिट रूमचा ‘एफएल-३’ परवाना ग्लासात ओतून देण्यासाठी असतो. केवळ बिअर-वाइनच्या बारसाठी ‘ई’ नमुन्यातील वेगळे परवाने आहेत. बिअर बनवण्याचा परवाना या सगळ्यांहून निराळा. त्याला निर्मितीचे नियम, उत्पादन शुल्क, नोंदवह्या आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची देखरेख लागू होते.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, मागच्या टाकीतली बिअर पुढच्या शॉपीतून बाटलीत भरून विकता येईल, असे गृहीत धरून आराखडा आखता येत नाही. बाटलीत भरणे, लेबल मंजूर करून घेणे आणि सीलबंद माल बाजारात आणणे हा वेगळा परवाना व वेगळी गुंतवणूक आहे. २०२० च्या टाळेबंदीत राज्याने मायक्रोब्रुअरींना ताजी बिअर भरून घरी नेण्यासाठी देण्याची मुभा दिली होती, पण ती त्या परिस्थितीतील तात्पुरती सवलत होती. तात्पुरत्या सवलतीवर कायमचा धंदा उभारणे धोक्याचे.

शिवाय शॉपी आणि बार एकमेकांचे ग्राहक खातात. छापील किमतीची बाटली शॉपीत मिळत असेल तर तंबूत किंवा रिसॉर्टवर मुक्कामाला आलेला गट ती घेऊन निघून जातो. जास्त दराच्या ग्लाससाठी तो बारमध्ये बसेलच असे नाही.

महामार्गाचा अडथळा किती मोठा?

कोलाडपुरता हाच सर्वांत मोठा प्रश्न आहे. गावाची बाजारपेठ, म्हणजे आंबेवाडी नाका, मुंबई-गोवा राष्ट्रीय महामार्गावर आहे. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. दुकान महामार्गावरून दिसू नये आणि तेथून थेट वाट नसावी, असेही बजावले. ३१ मार्च २०१७ रोजी न्यायालयाने २० हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या स्थानिक संस्थांच्या हद्दीत हे अंतर २२० मीटरवर आणले. बार आणि हॉटेलेही या मनाईत येतात, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले.

जुलै २०१७ मध्ये नगरपालिका-महापालिका हद्दीला मोकळीक मिळाली. २३ फेब्रुवारी २०१८ च्या आदेशात ग्रामपंचायतींच्या हद्दीतील पुरेशा विकसित भागांबाबत निर्णय घेण्याचे काम राज्यांवर सोपवण्यात आले. म्हणजेच रोहा नगरपालिकेच्या हद्दीत जो प्रश्न उद्भवत नाही, तो काही किलोमीटरवरच्या कोलाडमध्ये गट क्रमांकागणिक तपासावा लागतो. जागा महामार्गापासून किती मीटरवर आहे, मोजणी सेवारस्त्याच्या कडेपासून होते का, रोहा आणि भिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांचा दर्जा काय, याची लेखी उत्तरे जागेचे विसार देण्यापूर्वी मिळवायला हवीत. चौपदरीकरणाने रस्त्याची कड सरकली आहे. जुन्या नकाशावर बाहेर दिसणारी जागा आज आत आलेली असू शकते.

नदीच्या बाजूला आत सरकावे तर जमिनीचा प्रश्न येतो. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. असलेल्या जमिनीचा वापरही बिगरशेती व्हावा लागतो. शाळा, देवस्थान यांच्यापासूनच्या अंतराचे नियम वेगळेच.

गावाची भूमिका काय असते?

कागदोपत्री परवाना जिल्हाधिकारी आणि उत्पादन शुल्क विभागाच्या हातात असला, तरी गावात बार टिकतो तो गावाच्या इच्छेने. राज्याच्या २००८ च्या आदेशाने ग्रामस्थांना, विशेषतः महिलांना, परवानाधारक दुकान बंद पाडण्याचे साधन दिले आहे. एक चतुर्थांश मतदारांनी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते बंदीच्या बाजूने पडली तर दुकान बंद होते. ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही त्या मतदानाची राज्यभर रूढ झालेली भाषा. हे पाऊल केवळ देशी दारूच्या दुकानापुरते असते, असे समजून चालणे चूक ठरेल.

या विरोधामागे अनुभव आहे. मजुरीचा पैसा दारूत जाणे, घरातील मारहाण, रस्त्यावरचा गोंधळ या गोष्टी गावातील बायका रोज पाहतात. त्यांच्या लेखी महागडी क्राफ्ट बिअर आणि देशी दारू यांत फारसा फरक नसतो, कारण दोन्हीकडचा धिंगाणा त्यांच्याच अंगणातून जातो. दुसरीकडे राफ्टिंग, तंबू-मुक्काम आणि खानावळी यांवर आज अनेक स्थानिक घरे चालतात. तिथे काम करणाऱ्या तरुणांना पर्यटक दोन तास अधिक थांबला तर हवेच आहे. या दोन बाजूंमधला समझोता मालकाला आधी करावा लागतो. बंद होण्याची वेळ, पार्किंग, ध्वनिक्षेपक आणि किती स्थानिकांना नोकरी, हे मुद्दे ग्रामसभेत मांडून पुढे जाणारा व्यवसाय मतदानाच्या वेळी तरतो.

किती बिअर बनवावी? गणित काय सांगते?

बहुतेक आराखडे ५०० लिटरच्या संचापासून सुरू होतात. समजा, गळती आणि तळाचा गाळ वजा जाता ४५० लिटर बिअर हाती आली. ३३० मिलिलिटरचे सुमारे १,३६० ग्लास झाले. कोलाडचा ग्राहक दोन दिवसांचा. शनिवारी आणि रविवारी प्रत्येकी १५० आणि उरलेल्या पाच दिवसांत रोज २० ग्लास खपले असे धरले, तर आठवड्याला ४०० ग्लास होतात. म्हणजे एक घाणा संपायला साडेतीन आठवडे लागतील. मायक्रोब्रुअरी म्हटल्यावर ग्राहक किमान चार प्रकारांची अपेक्षा करतो. चार टाक्या भरल्या तर तो साठा संपायला साडेतेरा आठवडे लागतात. तोवर गव्हाच्या बिअरचा ताजेपणा आणि हॉप्सचा सुगंध दोन्ही गेलेले असतात. ज्या ताजेपणासाठी ग्राहक जास्त पैसे मोजतो, तोच उरत नाही.

आता २०० लिटरचा घाणा धरू. हाती १८० लिटर, म्हणजे साधारण ५४५ ग्लास. तीन प्रकार ठेवले तर एकूण १,६३५ ग्लास आणि चार आठवड्यांत साठा संपतो. हे जमते. पण इथे दुसरी अडचण आहे. २०० लिटर बनवायला आणि ५०० लिटर बनवायला मेहनत जवळपास सारखीच. दळण, उकळणे, सफाई, नोंदी, सारे तेवढेच. ब्रुअरचा पगार, परवान्याचे शुल्क आणि शीतकरणाचे वीजबिल थोड्या ग्लासांवर वाटले जाते. छोटी ब्रुअरी नासाडी टाळते, पण प्रत्येक ग्लास महाग करते.

त्यात कोरडे दिवस येतात. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट हे राज्यात मद्यविक्रीला बंदीचे दिवस आहेत. नेमके याच सुट्ट्यांना शनिवार-रविवार जोडून आला की मुंबई-पुण्याहून गाड्यांची रीघ लागते. वर्षातील सर्वांत गर्दीच्या काही दिवशी बारला कुलूप असणार, हे हिशेबात आधीच धरायला हवे.

पाणी, वीज आणि सांडपाणी

कोलाडचे पर्यटन ज्या पाण्यावर चालते ते विजेच्या निर्मितीतून येते. मुळशी धरणाचे पाणी सह्याद्रीवरून खाली भिरा येथील टाटांच्या वीजकेंद्रात येते आणि तिथून कुंडलिकेत सोडले जाते. सकाळी पाणी सुटले की राफ्ट निघतात.

ब्रुअरीला एवढे पाणी लागत नाही, तरी एक लिटर बिअरमागे धुण्या-थंड करण्यासह पाच-सहा लिटर आणि छोट्या ठिकाणी त्याहून अधिक पाणी खर्ची पडते. २०० लिटरच्या घाण्यामागे हजार-बाराशे लिटरच्या पुढे. त्यातील बराच भाग साखर आणि यीस्टचे अंश घेऊन बाहेर पडतो. ते तसेच नाल्यात सोडले तर नाला आणि विहिरीजवळची माती सडते. धाटाव औद्योगिक वसाहतीमुळे कुंडलिकेच्या प्रदूषणाचा विषय या पट्ट्यात आधीच संवेदनशील आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आणि छोटे प्रक्रिया संयंत्र यांचा खर्च टाळता येणारा नाही.

उरलेला माल्टचा चोथा मात्र उपयोगी पडतो. गाई-म्हशींना तो चालतो. कोकणच्या दमट हवेत तो एक-दोन दिवसांत आंबतो, त्यामुळे उचलणारा गोठा जवळ हवा.

विजेचा विषय त्याहून नाजूक. टाकीचे तापमान काही तास जरी वर गेले तरी घाण्याची चव बिघडते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा जिल्ह्यातील अनेक गावे दिवसेंदिवस अंधारात होती. दरवर्षी असे होत नाही, पण पावसाळ्यात तारा तुटणे नवीन नाही. जनरेटर हा इथे चैनीचा भाग नाही.

कराचे ओझे किती?

मानवी सेवनाचे मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यावर राज्याचे उत्पादन शुल्क आणि मूल्यवर्धित कर लागतो. याचा परिणाम असा की टाक्या, शीतयंत्रणा आणि माल्ट घेताना भरलेल्या जीएसटीची वजावट बिअरच्या विक्रीवर मिळत नाही. तो सरळ खर्चात जातो. त्याच टेबलावरच्या कोळंबीला जीएसटी आणि बिअरला व्हॅट, असे दोन हिशेब ठेवावे लागतात.

परमिट रूममधील मद्यावरील व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून पाचवरून दहा टक्के झाला. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने देशी बनावटीच्या विदेशी मद्यावरील शुल्क निर्मितीमूल्याच्या तिपटीवरून साडेचारपट करण्याचा निर्णय घेतला. बिअर आणि वाइनला त्या वाढीतून वगळण्यात आले. तरीही एकूण करवाढीच्या निषेधार्थ १४ जुलै २०२५ रोजी बारमालकांनी राज्यभर बंद पाळला. त्याआधी ऑक्टोबर २०२३ मध्ये बिअरचा घटता खप पाहून शुल्काचा आढावा घेण्यासाठी सरकारने अभ्यासगट नेमला होता. एकूण चित्र असे की, कर कधी वाढेल हे मालकाच्या हाती नाही. वाइनला २००१ च्या धोरणाने जे संरक्षण दिले, त्यामागे नाशिकचा द्राक्ष बागायतदार उभा होता. बिअरच्या जवामागे महाराष्ट्रातला तेवढा शेतकरी नाही.

गाडी चालवून परतणाऱ्या ग्राहकाचे काय?

राफ्टिंग सकाळी असते. दुपारपर्यंत पर्यटक मोकळा होतो, जेवतो आणि शे-सव्वाशे किलोमीटर गाडी हाकत मुंबई किंवा ताम्हिणी घाटातून पुण्याकडे निघतो. म्हणजे बारची सर्वांत मोठी गर्दी नेमकी त्या वेळी, जेव्हा ग्राहकाला गाडी चालवायची असते. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे घाटातले वळण आणि महामार्गावरचा ट्रक. पिऊन नदीत उतरणाऱ्यांचा धोका तर सांगायलाच नको.

म्हणून इथला खरा ग्राहक मुक्कामी आहे. संध्याकाळी बसणारा, रात्री जवळच झोपणारा. रिसॉर्टवरून ने-आण करणारी गाडी, साडेतीन-चार टक्के मद्यार्काची हलकी बिअर आणि चालकासाठी कोकम किंवा आल्याचे बिनमद्य पेय, या गोष्टी कोलाडमध्ये व्यवसायाच्या पायाशी येतात. सौम्य बिअरसाठीही वयाची किमान अट २१ वर्षे आहे. महाविद्यालयीन गट मोठ्या संख्येने येणाऱ्या ठिकाणी ओळखपत्र तपासणारा माणूस दारात हवाच.

मग सुरुवात कशी करावी?

क्रम उलटा करणे शहाणपणाचे. बहुतेक जण आधी यंत्रे बघतात, मग जागा, मग परवाना. कोलाडमध्ये आधी महामार्गापासूनचे अंतर आणि जमिनीचा वापर, मग ग्रामसभा, मग ओतून देण्याचा परवाना, असा क्रम हवा. पहिली दोन वर्षे केवळ चांगले जेवण आणि दुसऱ्या परवानाधारक ब्रुअरीकडून नियमानुसार आणलेली पिंपातली बिअर ठेवून बार चालवला, तर बुधवारी किती ग्लास जातात, जुलैच्या पावसात किती आणि मे महिन्यात किती, हे प्रत्यक्ष कळते. मागच्या बाजूला ब्रुअरीची जागा, निचरा आणि वीजजोडणी यांची तरतूद तेवढी करून ठेवावी.

आठवड्याचा खप सलग दोन हंगाम टिकला तर २०० लिटरचा संच आणि दोन-तीन टाक्या बसवता येतील. तेव्हा रायगडचा तांदूळ, नाचणी, कोकम यांना बिअरमध्ये जागा देता येईल. शहरातल्या ब्रुअरीकडे नसलेली ओळख त्यातूनच मिळू शकते. खप टिकला नाही तर हातात चालणारी खानावळ उरते आणि कर्जावर घेतलेल्या रिकाम्या टाक्या नसतात. बिअर शॉपी मात्र या आराखड्यात बसत नाही. ती काढायची असेल तर स्वतंत्र जागेत, स्वतंत्र हिशेबाने आणि बारचा आधार न धरता काढावी लागेल.